अंससंधिच्युती व भग्न : शस्त्रकर्म आणि आपले कर्तव्य

वैद्यकव्यवसाय करणाऱ्या बहुतेकांकडे वर्षातून एक-दोनदा तरी असा रुग्ण येतोच. दुखावलेला हात दुसऱ्या हाताने तोलून धरलेला असतो, खांद्याची नेहमीची गोलाई नाहीशी होऊन तेथे कोपरा आल्यासारखा दिसतो आणि सोबतचे नातेवाईक म्हणतात, "वैद्यराज, खांदा निखळला आहे, तेवढा बसवून द्या." या 'तेवढा बसवून द्या' मागे कित्येकदा केवळ संधिच्युती नसून अस्थिभग्नही दडलेले असते. त्याचे निदान आधी झाले तर रुग्णाचा हात वाचतो. नंतर झाले तर कायमचे वैगुण्य राहते. म्हणूनच या विषयाचा प्राचीन व अर्वाचीन अशा दोन्ही अंगांनी येथे विचार करीत आहोत.

एक स्वानुभव

प्रथम आमच्याच हातून घडलेली चूक सांगणे आवश्यक वाटते. सुमारे वीस वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, मोरीत पाय घसरून पडलेल्या एक आजी आमच्या चिकित्सालयात आल्या. वय साठीच्या पुढे. खांद्याचा आकार पाहून संधिच्युतीचे निदान करावयास वेळ लागला नाही. तोवर आम्ही अनेक निखळलेले खांदे यशस्वीपणे बसविले होते. क्ष-किरण चित्राची सोय गावात होती, पण ती सायंकाळी सुरू होत असे आणि आजी वेदनेने कळवळत होत्या. आम्ही काखेत टाच देऊन हात ओढला. सांधा जागी येताना जो ओळखीचा आवाज होतो तो झाला नाही. वाळू चुरडावी तसा स्पर्श मात्र हाताला जाणवला. सायंकाळी काढलेल्या चित्रात प्रगंडास्थीचे शीर्ष काखेतच राहिलेले आणि त्याखालचा दांडा मानेपाशी तुटून वर सरकलेला दिसला.

अस्थीची मान पडतानाच तुटली होती की आमच्या ओढण्याने, हे आम्हांस आजही सांगता येत नाही, कारण ओढण्यापूर्वीचे चित्रच नव्हते. आजींना शहरात पाठविले, तेथे कृत्रिम शीर्ष बसविण्याचे शस्त्रकर्म झाले. वेदना शमली, परंतु हात खांद्याच्या वर कधीच गेला नाही. पुढे त्यांची वेणी सून घालीत असे. त्यांनी आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. तरीही त्या दिवसापासून चित्र पाहिल्याविना आम्ही कोणताही खांदा ओढलेला नाही.

प्राचीन विचार

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील पंधराव्या अध्यायात भग्नाचे संधिमुक्त आणि कांडभग्न असे दोन मुख्य प्रकार सांगितले आहेत. संधिमुक्ताचे उत्पिष्ट, विश्लिष्ट, विवर्तित, अवक्षिप्त, अतिक्षिप्त व तिर्यक्क्षिप्त असे सहा, तर कांडभग्नाचे बारा भेद आहेत. लक्षणेही स्वतंत्र दिली आहेत. संधिमुक्तात प्रसारण, आकुंचन इत्यादी हालचाली अशक्य होणे, तीव्र वेदना आणि स्पर्श सहन न होणे ही लक्षणे आढळतात. कांडभग्नात शोथाचे आधिक्य, दाबले असता होणारा शब्द व अंग गळून पडल्यासारखे होणे यांवर भर आहे. एकाच खांद्यात या दोन्ही लक्षणसमूहांचे मिश्रण दिसले की आपण सावध व्हावे. मात्र शब्द उत्पन्न होतो किंवा नाही हे पाहण्यासाठी दुखावलेला भाग मुद्दाम दाबून पाहू नये; आज त्याची आवश्यकता उरलेली नाही.

चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात विसंहत अंससंधीसाठी काखेत मुसळ देऊन सांधा वर उचलावा आणि स्वस्थानी आल्यावर स्वस्तिक बंध बांधावा असे सांगितले आहे. या उपक्रमाचा अभिमान आपण सारेच बाळगतो, व तो योग्यच आहे. परंतु हा उपक्रम सुटलेल्या सांध्यासाठी आहे, तुटलेल्या अस्थीसाठी नव्हे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. त्याच आचार्यांनी साध्यासाध्यतेच्या विचारात चूर्णित, छिन्न, अतिपातित व मज्जानुगत ही भग्ने, तसेच वृद्ध, कृश व बालक यांची भग्ने आणि संधीपर्यंत पोहोचलेले भग्न ही सर्व कृच्छ्रसाध्य मानली आहेत. साठीच्या रुग्णाच्या खांद्यात च्युती आणि भग्न एकत्र असेल तर वृद्धत्व व संध्युपगत भग्न अशी दोन कारणे एकाच ठिकाणी येतात. अशा वेळी मुसळाचा आधार घेणे म्हणजे ग्रंथाचा एक श्लोक पाळून दुसरा मोडणे होय.

मर्मविचारही येथे लक्षात घ्यावा. अंसमर्माच्या आघाताने बाहू स्तब्ध होतो, अंसफलकमर्माच्या आघाताने बाहूत बधिरता किंवा शोष येतो आणि वक्ष व कक्षा यांच्यामधील कक्षधरमर्माच्या आघाताने पक्षाघात होतो, असे सुश्रुताचार्य सांगतात. खांद्याभोवतीचा प्रदेश किती जपून हाताळावयाचा याची ही स्पष्ट सूचना आहे.

रचना आणि विकृती

खांद्याची खोबण उथळ आहे व त्यावर टेकणारे प्रगंडास्थीचे शीर्ष मोठे आहे. त्यामुळे हा सांधा सर्व दिशांना फिरतो आणि सहज सुटतोही. बहुसंख्य रुग्णांत शीर्ष पुढे व खाली सरकते. मागे सरकणारी च्युती विरळा असून ती विशेषतः अपस्माराचा झटका किंवा विजेचा धक्का यांनंतर आढळते; तीत हात आतल्या बाजूस वळून अडकलेला असतो व समोरून काढलेल्या एकाच चित्रात ती नजरेतून निसटू शकते.

च्युतीसोबत होणारी भग्ने ढोबळमानाने चार ठिकाणी असतात. पहिले, शीर्षाच्या बाहेरील मोठ्या उंचवट्याचे, ज्यास ग्रेटर ट्यूबरॉसिटी म्हणतात. दुसरे, अस्थीच्या मानेचे. हे सर्वांत घातक. तिसरे, खोबणीच्या कडेचे. चौथे, खोबणीच्या कडेवर आदळून शीर्षात पडणाऱ्या खाचेचे. या खाचेचे वर्णन हिल व सॅक्स या दोन चिकित्सकांनी १९४० साली केले.

अमेरिकेतील शल्यचिकित्सक चार्ल्स नीअर यांनी १९७० साली प्रगंडास्थीच्या वरच्या टोकाच्या भग्नांचे जे वर्गीकरण केले, ते आजही वापरात आहे. शीर्ष, मोठा उंचवटा, लहान उंचवटा व दांडा असे चार भाग कल्पून, एखादा तुकडा १ सेंटिमीटरहून अधिक सरकला किंवा ४५ अंशांहून अधिक वळला तर तो स्वतंत्र भाग मानावयाचा, असे त्याचे सूत्र आहे. अस्थिशल्यतज्ज्ञाच्या पत्रात 'फोर पार्ट फ्रॅक्चर डिस्लोकेशन' असे शब्द आढळले तर त्याचा अर्थ असा की चारही भाग सुटे झाले आहेत व शीर्ष खोबणीबाहेर आहे. अशा शीर्षाचा रक्तपुरवठा जवळजवळ तुटलेला असतो. मानेखालचा अस्थीचा भाग शीर्षाला ८ मिलिमीटरहून कमी लांबीचा चिकटून राहिला असेल आणि आतल्या बाजूची अस्थीची सलगता २ मिलिमीटरहून अधिक ढळली असेल, तर शीर्षाचे पोषण धोक्यात असते, असे २००४ साली हेर्टेल व सहकाऱ्यांनी दाखविले.

ओढण्यापूर्वीची परीक्षा

वय चाळिशीच्या पुढे, खांदा निखळण्याची पहिलीच वेळ आणि वाहनापघात किंवा उंचावरून पडणे यांसारखा मोठा आघात, यांपैकी एकही गोष्ट असेल तर भग्नाची शंका घ्यावी. वृद्ध स्त्रियांत तर उभ्याउभ्या पडणेही पुरेसे होते. अशा प्रत्येक रुग्णात पुढील क्रम पाळावा.

(१) नाडी, हाताचा रंग व उष्णता पाहावी. वृद्धांत काखेतील रोहिणी दुखावलेली असूनही मनगटाची नाडी लागू शकते, कारण रक्त आडवाटेने येत राहते. काखेत वाढत जाणारी सूज, हात थंड व फिकट पडणे ही लक्षणे दिसताच क्षणाचाही विलंब करू नये.

(२) खांद्याच्या बाहेरील बाजूस बधिरता आहे काय हे पाहून ॲक्झिलरी मज्जातंतूची परीक्षा करावी. केवळ स्पर्शज्ञानावर विसंबू नये. रुग्णास कोपर बाहेरच्या दिशेने हलकेच रेटण्यास सांगून डेल्टॉइड पेशी आवळली जाते काय हे बोटांनी पाहावे. मनगट व बोटे यांची हालचालही तपासावी.

(३) वरील सर्व निरीक्षणे वेळेसह कागदावर लिहावीत. ही नोंद रुग्णाच्या हिताची आहेच, शिवाय वैद्याच्या संरक्षणाचीही आहे.

(४) हात आहे त्याच स्थितीत झोळीत ठेवावा. ओढणे, फिरवणे, मर्दन करणे, शेकणे यांपैकी काहीही करू नये.

(५) भूल द्यावी लागण्याचा संभव असल्याने अन्न, दूध किंवा काढा देऊ नये.

(६) क्ष-किरण चित्र किमान दोन वेगळ्या दिशांनी काढून घ्यावे. समोरून, अंसफलकाच्या पातळीतून व काखेतून अशी तीन चित्रे मिळाली तर उत्तम. मानेचे भग्न सूक्ष्म असल्यास सी. टी. स्कॅन आवश्यक ठरतो.

चित्रात केवळ उंचवट्याचे भग्न असेल तर रुग्णालयात, औषधाने शिथिलता आणून, तज्ज्ञ व्यक्ती सौम्यपणे सांधा बसवितात. पुष्कळदा त्यासरशी तुकडाही जागी येतो आणि शस्त्रकर्म टळते. मात्र मानेचे भग्न असेल किंवा त्याची शंका असेल तर शुद्धीवर असलेल्या रुग्णाचा हात ओढणे वर्ज्य होय. ओढ दांड्याला बसते, शीर्ष जागचे हलत नाही आणि न सरकलेले भग्न सरकून बसते. आमच्या हातून बहुधा हेच घडले.

शस्त्रकर्म कोणास व कसे

येथे एका अभ्यासाचा उल्लेख आवश्यक आहे, कारण त्याचा चुकीचा अर्थ लावला जातो. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रोफर' या अभ्यासात प्रगंडास्थीच्या वरच्या टोकाचे सरकलेले भग्न असलेल्या २५० रुग्णांत शस्त्रकर्म आणि झोळी यांची तुलना केली गेली. दोन वर्षांच्या अखेरीस दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. त्यावरून 'खांद्याच्या भग्नाला शस्त्रकर्म नकोच' असे सरसकट म्हटले जाते. परंतु ज्यांत भग्नासोबत संधिच्युती होती असे रुग्ण त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. खोबणीबाहेर पडलेले शीर्ष केवळ झोळीत हात ठेवून स्वस्थानी येत नाही, आणि काखेतील रोहिणी व मज्जातंतूंवरील त्याचा दाब तासागणिक हानी करतो. म्हणून या रुग्णांचा विचार वेगळा व त्वरेने करावा लागतो.

शस्त्रकर्माचे प्रकार वय, अस्थीची प्रत व तुकड्यांची स्थिती यांवरून ठरतात. उंचवट्याचा तुकडा सांधा बसविल्यानंतरही ५ मिलिमीटरहून अधिक सरकलेला राहिला, तर तो स्क्रू किंवा मजबूत धाग्यांनी जागी बांधतात. तसे न केल्यास हात वर नेताना तो अडतो. खोबणीच्या कडेचा मोठा तुकडा निघाला असेल तर तो स्थिर करतात, अन्यथा खांदा वारंवार निखळत राहतो.

तरुण व मध्यमवयीन रुग्णात, मानेचे भग्न असले तरी, स्वतःचे शीर्ष वाचविण्याचा प्रयत्न करतात. खांद्याच्या पुढील बाजूस डेल्टॉइड व छातीची मोठी पेशी यांच्यामधील नैसर्गिक फटीतून आत जाऊन शीर्ष हळुवारपणे खोबणीत आणतात, उंचवटे त्यांच्या स्नायुरज्जूंसह धाग्यांनी बांधतात आणि बाहेरील बाजूस लॉकिंग प्लेट बसवितात. या प्लेटमध्ये स्क्रूचे डोके प्लेटलाच आटे घालून घट्ट बसते, त्यामुळे ठिसूळ अस्थीतही पकड टिकते. स्क्रूचे टोक सांध्यात शिरलेले नाही याची खात्री शस्त्रकर्म चालू असतानाच क्ष-किरण पडद्यावर करून घेतात.

वृद्ध रुग्णात अस्थी ठिसूळ, शीर्ष फुटलेले किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असेल तर कृत्रिम सांध्याचा मार्ग उरतो. पूर्वी केवळ शीर्ष बदलीत. त्यात उंचवटे नीट न जुळल्यास वेदना शमते पण हात वर जात नाही, हे वर सांगितलेल्या आजींच्या बाबतीत आम्ही पाहिले. फ्रान्समधील पॉल ग्रामाँ यांनी १९८५ साली विकसित केलेल्या उलट्या सांध्यात गोळा अंसफलकावर व वाटी प्रगंडास्थीवर बसवितात. हात उचलण्याचे कार्य प्रामुख्याने डेल्टॉइड पेशी करते. सत्तरीच्या आसपास व पुढे असलेल्या रुग्णांत आज या सांध्याकडे अधिक कल आहे. मात्र डेल्टॉइड चालविणारा ॲक्झिलरी मज्जातंतू कायमचा निकामी झाला असेल तर हा सांधा उपयोगी पडत नाही. आपल्या चिकित्सालयात दोन मिनिटांत केलेल्या परीक्षेचे व लेखी नोंदीचे महत्त्व येथे कळून येते.

शस्त्रकर्मानंतरचे उपद्रवही रुग्णास आधीच सांगितलेले बरे. व्रणदुष्टी, खांदा आखडणे, स्क्रू सुटणे आणि शीर्षाचा शोष हे त्यांतील प्रमुख होत. शीर्षाचा शोष दोन वर्षांनंतरही प्रकट होऊ शकतो. मज्जातंतूचा आघात बहुतेकदा ताणामुळे झालेला असतो व काही महिन्यांत सुधारतो, म्हणून धीर सोडू नये.

पश्चात्कर्म : आपले खरे क्षेत्र

पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म या त्रयीपैकी प्रधानकर्म अशा रुग्णात अस्थिशल्यतज्ज्ञाकडे जाते. उरलेली दोन पुष्कळशी आपल्या हाती असतात. साधारणतः चार ते सहा आठवडे झोळी असते. शल्यतज्ज्ञांच्या अनुमतीने पुढे वाकून हात लंबकाप्रमाणे झुलविण्याचा व्यायाम लवकर सुरू होतो, स्वतःच्या बळाने हात उचलणे सुमारे सहा आठवड्यांनंतर, आणि वजन घेण्याचे व्यायाम सुमारे तीन महिन्यांनंतर. बोटे, मनगट व कोपर मात्र पहिल्या दिवसापासून हलवावीत. उलटा सांधा बसविलेल्या रुग्णाने पहिले तीन महिने तरी हात पाठीमागे नेऊन खुर्चीवर भार देऊन उठू नये. सांधा निखळण्याचा तो सोपा मार्ग आहे.

बंध अतिशिथिल असल्यास स्थैर्य येत नाही आणि अतिगाढ असल्यास शोथ, वेदना व पाक होतो, हा सुश्रुताचार्यांचा इशारा झोळी व पट्टी यांनाही तंतोतंत लागू आहे. भग्न जुळण्यास मध्यम वयात दुप्पट व उत्तर वयात तिप्पट काळ लागतो, हेही त्यांनी सांगून ठेवले आहे. घृत, लाक्षा व मधुर गणातील द्रव्यांनी युक्त दुग्ध, तसेच अतिलवण, कटू, अम्ल, क्षार व रूक्ष आहाराचा त्याग हा पथ्यक्रम रुग्णाचे बल, अग्नी व मधुमेहादी व्याधी पाहून योजावा. अभ्यंग मात्र व्रण पूर्ण भरल्यावर व शल्यतज्ज्ञांच्या संमतीनेच, तोही हलक्या हाताने करावा. सांध्यावर जोराचे मर्दन नको.

वृद्ध रुग्ण केवळ घसरल्याने अस्थिभग्न घेऊन आला तर तो अस्थिसौषिर्याचा रुग्ण आहे असे गृहीत धरावे. त्याची तपासणी व चिकित्सा न झाल्यास पुढील पडण्यात खुबा मोडतो. घरातील ओली मोरी, अंधारा जिना व सैल चपला यांची चौकशी हीदेखील चिकित्साच होय.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

पडल्यानंतर रुग्ण पुष्कळदा प्रथम औषधांच्या दुकानी येतो आणि तेल किंवा लेप मागतो. अशा वेळी 'कसे पडलात, हात वर जातो काय, खांद्याचा आकार बदलला आहे काय' हे तीन प्रश्न विचारावेत. हात जागचा हलत नसेल किंवा आकार बदललेला दिसत असेल तर तेल न देता रुग्णास क्ष-किरण चित्रासाठी पाठवावे. लाक्षा, अस्थिसंहारी, अर्जुन, अश्वगंधा, नागबला व गुग्गुळ यांनी सिद्ध लाक्षादि गुग्गुळ भग्नात परंपरेने दिला जातो. पण सरकलेला तुकडा जागी आणण्याचे सामर्थ्य कोणत्याही वटीत नाही, हे ग्राहकास स्पष्ट सांगावे. जो रुग्ण शस्त्रकर्मासाठी जात आहे त्याने घेतलेली सर्व औषधे, गुग्गुळकल्प, लसूण व हरिद्रेचे कल्प आणि रक्त पातळ करणारी अर्वाचीन औषधे यांसह, कागदावर लिहून भूलतज्ज्ञांस द्यावीत. आयुर्वेदीय औषध म्हणून ते सांगण्याचे कारण नाही, ही समजूत रक्तस्रावास निमंत्रण देते.

उपसंहार

रुग्ण आपल्याकडे विश्वासाने येतो व 'बसवून द्या' म्हणतो. त्या विश्वासास पात्र ठरण्यासाठी प्रत्येक खांदा आपणच बसविला पाहिजे असे नाही. कोणता खांदा बसवावयाचा नाही हे ओळखणे, हात जपून बांधणे, नीट नोंद करून योग्य ठिकाणी वेळेत पाठविणे आणि शस्त्रकर्मानंतर तो हात पुन्हा कामाचा होईपर्यंत रुग्णासोबत राहणे, यातही वैद्याचे कौशल्य पणास लागते. आमच्या चिकित्सालयात आता झोळीच्या कापडाशेजारी परीक्षेच्या नोंदीचा छापील कागद ठेवलेला असतो. आपणही तसा ठेवावा, एवढीच व्यवसायबंधूंस विनंती.